देवाला लागलेल्या मुंग्या

मुलांनो,

गेल्या पत्रात तुम्ही तिघांनी मिळून एकच प्रश्न विचारलात: आजी, तू लहानपणी कधी लबाडी केलीस का? त्याच्याखाली तुमच्या आईने परस्पर उत्तरही लिहून टाकलं, की आजीला असलं काही जमणं शक्य नाही, तिच्या मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या असतात. चिठ्ठ्या असतात हे खरं आहे. जिऱ्याच्या डब्यात जिरंच निघतं. पण लबाडी मी केली आहे. एकदाच केली, साक्षात देवाशी केली, आणि त्यामुळे देवाला मुंग्या लागल्या.

या हकिकतीत माझी धाकटी बहीण मरते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको. मुलांना असलं काही लिहू नये असं तुमच्या आईला वाटेल. पण जी मेली ती आठ वर्षांची होती आणि या विषयावर बोलायला तिला फार आवडे. तुमच्यातला सर्वांत लहान नऊ वर्षांचा आहे. तेव्हा चालेल.

आम्ही भोरला राहत होतो. भोर तेव्हा संस्थान होतं आणि माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, संस्थानच्या दप्तरात कारकून होते. दिवसभर अर्ज वाचून त्यांचं बोलणंही तसंच झालं होतं. भाजीत मीठ कमी असलं तर ते ताटावरून मान वर न करता म्हणत, "सदर भाजीबाबत विचार व्हावा." आई म्हणे, "झाला विचार. जेवा." मी चौदा वर्षांची, इंग्रजी शाळेत जाणारी, आणि आत्ता आहे तशीच व्यवस्थित. वहीला समास आखल्याशिवाय माझ्या हातून अक्षर उमटत नसे.

धाकटीला सहाव्या वर्षी सांध्यांचा ताप आला. सांध्यांची सूज उतरली, पण दुखणं हृदयात जाऊन बसलं. चार पावलं चालली की तिला धाप लागे. पाय सुजत. आडवं झालं की श्वास कोंडे, म्हणून ती तीन उशांना टेकून पलंगावर बसलेली असे आणि तिथून घरादाराला हुकूम सोडी. अण्णा त्याला "दरबार भरला" म्हणत.

त्या वर्षी दिवाळीनंतर अण्णांनी तिला पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर संध्याकाळी ते माजघरात आईला हळू आवाजात सांगत होते, की संक्रांत पाहिली तर नशीब. आमच्या घरातली मधली भिंत कुडाची होती आणि तिच्या पलीकडेच धाकटीचा पलंग. तिच्या पायांत बळ नव्हतं, पण कान फार चांगले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत होते. हे काम माझंच. तिच्या डोक्यात मागच्या बाजूला दोन भोवरे होते आणि त्यामुळे केस वाटेल त्या दिशेला पळत. आईने घातलेली वेणी दुपारपर्यंत सुटे. मी घातलेली दुसऱ्या दिवशी मला स्वतःलाच सोडावी लागे. तिला खरं तर दोन वेण्या हव्या असत, पण एवढ्याशा केसांच्या दोन वेण्या म्हणजे उंदराच्या शेपट्या दिसतील असं आईचं मत होतं.

तर मी पेड ओढत होते आणि ती म्हणाली, "ताई, मी मेले की तिथं माझी वेणी कोण घालणार?"

माझ्या हातातली फणी खाली पडली. आई स्वयंपाकघरातून धावत आली, "शुभ बोल गं बाई!" म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून परसात निघून गेली. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "सदर विषय तूर्त काढण्याचं कारण नाही," आणि टोपी उलटी घालून कचेरीत गेले.

झालं. घरात तो विषय बंद झाला आणि धाकटीही बंद झाली. जेवेना. हुकूम सोडीना. मी जवळ बसले की माझ्या परकराचा काठ मुठीत धरून ठेवी, झोप लागली तरी मूठ सुटत नसे. मेल्यावर दुखेल का, हे तिने कधीच विचारलं नाही. दुखण्याची तिला सवय होती. तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: अनोळखी जागा, सगळे मोठे लोक, आणि मधोमध ही विस्कटलेल्या केसांनी एकटी उभी. ती भीती जावी, एवढंच मला करायचं होतं. आणि ती मरूच नये, हे त्याहून जास्त हवं होतं. दोन्ही एकदम हवं असल्यामुळेच पुढचा घोटाळा झाला.

आधी मी आपल्या अकलेने प्रयत्न केला.

"तिथं अप्सरा असतात. त्या घालतील वेणी."

"त्यांना माझे भोवरे माहीत आहेत?"

"देवाला सगळं माहीत असतं. तो सांगेल त्यांना."

"देव वेण्यांचं सांगत बसणार? त्याला कामं नाहीत?" ती माझ्याकडे वळली. "ताई, तुला माहीत नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मग भैरोबाला विचारू."

आता तुम्हाला भैरोबा सांगायला हवा. आंबवड्याच्या अलीकडे, रस्ता सोडून थोडं आत, आमचं मूळ गाव. तिथला देव म्हणजे शेंदूर लावलेला एक थोरला दगड. त्याला रुप्याचे दोन डोळे बसवले होते म्हणूनच त्याची पुढची बाजू कुठली ते कळे. डोळे चांगले वटारलेले होते, त्यामुळे आपण काय बोललो ते त्याला नीट ऐकू आलं नाही, असं सारखं वाटे.

अडलं की गावाने त्याला कौल लावायचा. दोन कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या छातीवर चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. उजवी म्हणजे देवाची उजवी, आपली नव्हे. आमच्या एका चुलत काकांनी आपली धरली आणि हरवलेली म्हैस चार दिवस भलत्याच डोंगरावर शोधली.

मला इंग्रजी शाळेत घालायचं की नाही, हेसुद्धा कौलावरच ठरलं होतं. अण्णांना घालायचं होतं, आईला नव्हतं. अर्धा तास दोन्ही कळ्या हलेनात. मग अण्णांना एकाएकी मोठ्ठा खोकला आला, अगदी देवाच्या तोंडावर, आणि उजवी कळी पडली. त्याआधी अण्णांना कधी खोकला झालेला मला आठवत नाही. एवढं सगळं पाहूनही मी कौलावर श्रद्धा ठेवून होते. अजूनही आहे, ती का ते पुढे कळेल.

धाकटी बरी होईल असं देव म्हणेल, या आशेने आई तयार झाली. अण्णांनी प्रश्न ठरवून दिला, "प्रस्तुत मुलीस आराम पडेल किंवा कसे?" आणि गुरवाने तो मराठीत विचारावा असंही ठरलं. मी मात्र काळजीत. मी वहीत दोन रकाने पाडले: उजवी पडली तर, डावी पडली तर. उजवीच्या रकान्यात 'उत्तम' लिहिलं. डावीच्या रकान्यात मला काही लिहिताच येईना. म्हणजे डावी पडता कामा नये. हे कागदावर इतकं स्पष्ट दिसत होतं की तसं न करणं मला गबाळेपणाचं वाटलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक टांगेवाले चाचा राहत. त्यांनी टांग्यात गादी घातली, धाकटीला स्वतः उचलून बसवलं आणि घोडीला बजावलं, "आज निगुतीनं चल गं. आत मोठी पाहुनी हाय." वाटेत धाकटी पंधरा दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली.

"चाचा, तुमची आधीची घोडी मेली ना? ती कुठं गेली?"

आईने चाचांकडे डोळे मोठे केले, पण चाचांचं लक्ष रस्त्यावर होतं. "कुठं जाईल? वर गेली आसंल."

"वर टांगे असतात?"

"आसले तरी ती वडायची न्हाई. हितंबी वडत नव्हती."

धाकटी हसली आणि तिला ढास लागली. चाचांनी टांगा थांबवला, तिची ढास थांबेपर्यंत घोडीला नावं ठेवली, आणि मग पुढे निघालो.

देवळातले गुरवआजोबा म्हातारे होते. नजर अधू, हात थरथरता, म्हणून ते कळ्या लावायचं काम घरच्या कुमारिकेला सांगत. हे मला ठाऊक होतं. नैवेद्याच्या वाटीतला गुळाचा खडा मी आधीच मुठीत दाबून मऊ केला होता. तगरीच्या दोन टपोऱ्या कळ्या पाण्यात बुडवल्या. उजवी तशीच टेकवली, जेमतेम. डावीला देठाकडून गूळ फासला आणि देवाच्या छातीवर अंगठ्याने चांगली दाबली. देव डोळे वटारून बघत होता. मी मनात म्हटलं, माफ कर, पण काम महत्त्वाचं आहे.

धाकटीला अण्णांनी कडेवर धरलं होतं. गुरवआजोबांनी हात जोडले. "बा भैरोबा, लेकरू दारात आलंय. इचारंल त्याचं सरळ सांग. आडवळनं घेऊ नगंस." आणि ते अण्णांकडे वळले, "हां, बोला काय ते."

अण्णांनी घसा साफ केला. "प्रस्तुत मुलीस..."

"देवा, मी मरणार आहे का?" धाकटी खणखणीत आवाजात म्हणाली.

"अगं बाई!" आई ओरडली.

"सदर प्रश्न..." अण्णा म्हणाले.

आणि उजवी कळी टपकन पडली.

डावी कळी देवाच्या छातीवर घट्ट बसली होती, एखाद्या बिल्ल्यासारखी. मी मोठ्या व्यवस्थितपणे, आदल्या दिवशी रकाने आखून, माझ्या बहिणीला मरणाचं हो मिळवून दिलं होतं.

धाकटीने केवढा तरी मोठा श्वास सोडला. "हां," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. तुम्ही कोणी बोलतच नव्हता." मग तिने गुरवआजोबांना विचारलं, "आजोबा, अजून विचारू?"

"इचार की. द्येव कुठं गावाला निघालाय?"

पडलेली कळी उचलायची, पाण्यात बुडवायची, पुन्हा टेकवायची. डावी काढून गूळ पुसावा तर सगळ्यांसमोर कसा पुसणार? धाकटी विचारत सुटली. तिथं माझी वेणी घालायला कोणी असेल? टप. आमची मेलेली बांडी गाय असेल? टप. चाचांची घोडी? टप. बाहेरून चाचांचा आवाज आला, "तिला म्हनावं, आता तरी शानी हो!" मला तिथं पळता येईल? टप, आणि आई खांबाला टेकून खाली बसली. ताई खूप म्हातारी होऊन आली तर मी तिला ओळखीन? टप.

"तिथं गणित असतं?"

टप.

"अरे देवा," धाकटी म्हणाली, त्याच्याकडेच बघत.

परतीच्या वाटेवर तिने पिठलं-भाकरी मागून खाल्ली आणि टांग्यात माझ्या मांडीवर टेकून झोपली. परकराचा काठ धरला नाही. मी सबंध वाट तिच्या उघड्या तळहाताकडे बघत होते.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या घरात जे चाललं होतं त्याला काय म्हणावं कळत नाही. धाकटी येणाऱ्याजाणाऱ्याला आनंदाने बातमी देऊ लागली. शेजारच्या काकू पडलेल्या चेहऱ्याने आल्या, तर ही म्हणाली, "रडू नका काकू, गाय आहे तिथं. चाचांची घोडीपण आहे. फक्त गणित आहे, तेवढं बघून या." मग वस्तू वाटायला काढल्या. एकच सागरगोट्यांचा डबा तिने तीन मैत्रिणींना कबूल केला, आणि तिघी पलंगापाशीच भांडल्या. शेवटी मला तक्ता करून द्यावा लागला, सोमवार-मंगळवार कोणाकडे, बुधवार-गुरुवार कोणाकडे असा. ती तो तक्ता बघून म्हणाली, "ताई, तू पण आली असतीस तर तिथं किती बरं झालं असतं." आणि मग जीभ चावून म्हणाली, "नंतर. नंतर ये. घाई नाही."

आईसुद्धा बदलली. विषय उघडा झाल्यावर ती परसात जायची थांबली. रडायचं तर धाकटीजवळ बसूनच रडे, आणि धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवी. सगळ्या घरात भेदरलेली अशी मी एकटीच होते.

बाजाराच्या दिवशी गुरवआजोबा धापा टाकत आमच्या ओसरीवर आले. "कारकूनसाहेब, घात झाला. द्येवाला मुंग्या लागल्या."

"मुंग्या?" अण्णा म्हणाले.

"उंबऱ्यापासनं रांग. पायथ्यावरनं वर, छातीपातुर. एक तर डोळ्यावर बसलीया, द्येव लई इचित्र बघतोय. चाळीस वर्सांत असं झालं न्हाई." ते टेकले आणि त्यांनी आवाज उतरवला. "गाव बसलं हुतं काल. कुनी म्हनतं बकरं कापा. कुनी म्हनतं, आजारी पोर आत आनली, नगं त्ये इचारलं, त्येचा राग हाय. पोरीच्या नावानं बोलाय लागल्यात, म्हनून सांगाय आलो."

अण्णा पांढरे पडले. आई दारात उभी राहिली. कुडाच्या भिंतीपलीकडे पलंग करकरला. मी वहीत समास आखत होते, तो वाकडा गेला.

"गूळ," मी म्हणाले.

"काय?"

"डाव्या कळीला गूळ लावला होता. मी. ती पडू नये म्हणून."

मग आईने सुरुवात केली. देवाला फसवलंस, घराण्याला बट्टा लावलास, हेच का ते तुमचं इंग्रजी शिक्षण, इथपर्यंत गेल्यावर गुरवआजोबांनी हात वर केला.

"थांबा वैनी. पोरी, तुला द्येवाकडनं काय वदवायचं हुतं?"

"धाकटी बरी होईल म्हणून."

"आन् द्येवानं काय सांगितलं?"

"मरणार म्हणून."

"मंग फसलं कोन?"

ते हसायला लागले. दात दोनच राहिले होते, ते दोन्ही दिसले. "तू त्येला खोटं बोलाय लावायला गेलीस, आन् त्येनं तुज्याच गुळात खरं सांगितलं. तुला ठावं हुतं व्हय लेकरू काय इचारनार त्ये? त्येला ठावं हुतं. आता मुंग्या म्या हळदीच्या पान्यानं घालवतो. गावाला सांगतो, गोडाला आल्या हुत्या. खोटं न्हाई त्ये."

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "या निमित्ताने माझ्याबाबतही एक नोंद व्हावी," ते म्हणाले. "हिच्या शाळेच्या वेळचा खोकला आणलेला होता."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," आई म्हणाली. "खोकल्यानं देवाच्या तोंडावर शिंतोडे उडाले होते. मीच पुसले."

"ताई," आतून हाक आली. "इकडे ये."

मी गेले. धाकटी तीन उशांना टेकून बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे सगळेच हो गुळाचे?"

"हो."

"गायीचा पण?"

"हो."

तिचा हात गादीवरून हळूहळू सरकत माझ्या परकराच्या काठापाशी आला, आणि मूठ मिटली. देवापाशी केलेल्या लबाडीची शिक्षा मला तिथे मिळाली. देवळात काहीच झाली नव्हती.

"पळायचं राहू दे," ती म्हणाली. "गायीचंही राहू दे. वेणीचं तेवढं परत विचारून ये. गूळ न लावता."

तिला आता टांग्यातही बसवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी अण्णा आणि मी चाचांच्या टांग्यातून गेलो. भैरोबा हळदीच्या पाण्याने न्हाऊन पिवळाजर्द झाला होता. मी हात तीनदा धुतले. दोन सारख्या कळ्या निवडल्या, देठ नखाने सारखे खुडले, एकाच वाटीत बुडवल्या आणि एकाच वेळी दोन्ही हातांनी टेकवल्या. इतक्या काटेकोरपणे मी पुढे बी.ए.चा पेपरही लिहिला नाही.

"धाकटीची वेणी घालायला तिथं कोणी असेल का?" मी विचारलं.

आम्ही वाट बघत राहिलो. उदबत्ती संपली. गुरवआजोबांनी दुसरी लावली. डावी पडली तर घरी जाऊन काय सांगायचं, हे मी या वेळी वहीत मांडून आणलं नव्हतं. तेवढ्यात अण्णांचा चेहरा लाल व्हायला लागला. उदबत्तीच्या धुराने त्यांना या खेपेला खरोखरचा खोकला आला होता. त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि खोकला गिळत, वाकलेल्या अंगाने, देवळाबाहेर पळत सुटले. बाहेर चाचांनी त्यांच्या पाठीत दोन गुद्दे घातल्याचा आवाज आला.

आणि दोन्ही कळ्या पडल्या. एकदम. मी अगदी जवळून बघत होते. एकदम.

"आजोबा, म्हणजे काय?"

गुरवआजोबांनी वाकून दोन्ही कळ्या चाचपल्या. वर देवाकडे बघितलं. "म्हंजे मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "असं कवा झालंच न्हाई." मला त्यांचा फार आदर वाटला. मोठ्या माणसाने मला ठावं न्हाई म्हणताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

परतताना टांग्यात मी मनाशी घोळवत होते. उजवी पडली असं सांगितलं तर कोणाला कळणार? अण्णा बाहेर होते. देव बोलत नाही. पण घरी पोचले, धाकटीचे ते डोळे पाहिले, आणि जे झालं ते सांगून टाकलं.

"दोन्ही? एकदम?" ती म्हणाली.

"एकदम."

"आधी-नंतर नाही?"

"मुळीच नाही."

ती विचार करत बसली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "बरोबर आहे," ती म्हणाली. "तिथं दोन वेण्या घालतात."

आई काही बोलायला गेली, पण उंदराच्या शेपट्यांचं काही ती बोलली नाही. मुकाट्याने फणी आणून माझ्या हातात दिली.

त्या दिवसापासून मी तिच्या रोज दोन वेण्या घालत असे आणि ती डोळे मिटून मोठ्याने सांगत असे: "आधी मधला भांग. मग डावा भोवरा वरून खाली विंचरायचा, उजवा खालून वर. घट्ट ओढायचं, पण कानामागे नाही." तिथं जे कोणी असेल त्याला नीट सांगता यावं, म्हणून ती पाठ करत होती. दोन ठिकाणी मी चुकले तर मला थांबवून पुन्हा करायला लावलं. इतकी वर्षं मी मास्तरीण होते, पण इतका स्वच्छ समजावलेला धडा क्वचित ऐकला. माझ्या परकराला ती नंतर कधी बिलगली नाही. दोन्ही हात हातवारे करण्यात गुंतलेले असत.

संक्रांत तिने पाहिली. तिळगूळ चघळत म्हणाली, "डॉक्टरांना कळवा." अण्णांनी खरंच कार्ड टाकलं. त्यानंतर अकराव्या दिवशी दुपारी ती आईच्या छातीला टेकून बसली होती. श्वास फार उथळ झाला होता. सकाळी घाईत माझ्याकडून एका वेणीला लाल फीत बांधली गेली होती आणि दुसरीला निळी. व्यवस्थित माणसाच्या हातून असं होऊ नये. मी बदलायला गेले, तर तिने मान हलवली. "असू दे," ती म्हणाली. "ओळखू येईन." मग तिने आईला विचारलं, आपण दोघी एकाच वेळी श्वास घेऊन बघू या का? त्यांनी थोडा वेळ तसं केलं. मग आईचा एकटीचा चालू राहिला.

चाचांनी त्या दिवशी टांगा जोडला नाही. गुरवआजोबा आले आणि ओसरीवर बसून राहिले. जाताना माझ्या ओंजळीत त्यांनी गुळाचा खडा ठेवला. प्रसाद म्हणून की चेष्टा म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. मी तो खाल्ला.

तर ही माझी लबाडी. पुढे मी कधी कौल लावला नाही, विचारायचं होतं ते विचारून झालं होतं. एकच राहिलं. त्या दिवशी वेणीच्या नादात गणिताचं पुन्हा विचारलंच नाही, म्हणजे तिथं गणित असतं हे उत्तर अजून गुळाचंच आहे, त्याचा काही भरवसा नाही. म्हणून मी रोज सकाळी चहा व्हायच्या आत एकोणतीसपर्यंत पाढे म्हणून घेते. तुमची आई म्हणते, आजी म्हातारपणी पुटपुटायला लागली. धाकटीला आठाच्या पुढचे पाढे येत नव्हते, आणि गणित असलंच तर ती इतकी वर्षं माझी वाट बघत वही तशीच कोरी ठेवून बसली असणार.